बौरचा गोळीबार आणि राहिलेली जबाबदारी

9 ऑगस्ट 2011, क्रांतिदिन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बौर गावाजवळ मावळातले शेतकरी रस्ता अडवून उभे राहिले. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायला त्यांचा विरोध होता. आंदोलन चिघळले, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन शेतकरी आणि एक शेतकरी महिला अशा तिघांचा मृत्यू झाला. पळणाऱ्या माणसांवर बंदुका रोखलेले पोलीस त्या संध्याकाळी घरोघरी टीव्हीवर दिसले.

भांडणाचे मूळ मात्र जुने. पवना धरणात जमिनी गेलेल्या 1,203 खातेदारांपैकी 863 जणांना पर्यायी जमीन मिळालेली नव्हती. ज्यांची शेती नदीकाठी उरली, ते धरणातून सुटणारे पाणी पंपाने उचलून पिके काढत. तेच पाणी पुढे रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि शहराला मिळते. जलवाहिनी झाली तर धरण ते निगडी सुमारे 35 किलोमीटर पाणी नळातूनच जाणार. नदीत काय उरेल, ही शेतकऱ्यांची भीती. शहराची निकडही खोटी नव्हती. कारखान्यांमागोमाग माणसे आली आणि 2011च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाखांवर गेली. दोन्ही बाजूंना पाणी हवे होते. पण ज्यांनी आधीच जमीन दिली होती, त्यांच्याशी बोलणी पुरी न करताच खोदाई सुरू झाली.

गोळीबारानंतर सरकारने काम थांबवले आणि निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. इथे आपल्या व्यवस्थेची मर्यादा दिसते. 1952च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे आयोग साक्षी घेतो, निष्कर्ष मांडतो; शिक्षा देऊ शकत नाही. सहा महिन्यांत अहवाल आणि त्यावरच्या कारवाईचे निवेदन विधिमंडळात ठेवले की सरकारची कायदेशीर जबाबदारी संपते. मृतांच्या वारसांना पुढे पिंपरी-चिंचवड महापालिकेतच नोकऱ्या मिळाल्या. घर चालवायला त्या लागतातच. पण गोळी झाडायचा निर्णय योग्य होता का आणि नसेल तर उत्तर कोण देणार, हे नोकरीच्या आदेशात लिहिलेले नसते.

असे उत्तर दुसरीकडे मिळाले आहे. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात 30 जानेवारी 1972 रोजी ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या चालवल्या. त्या दिवशी 13 जण मेले. पहिल्या चौकशीने सैन्याची बाजू बऱ्यापैकी सावरली. नातेवाइकांनी पाठ सोडली नाही. अखेर 15 जून 2010 रोजी दुसऱ्या चौकशीचा, सॅव्हिल अहवाल आला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी संसदेत उभे राहून सरकारच्या वतीने माफी मागितली. 38 वर्षे लागली, तरी देशाच्या सर्वोच्च सभागृहात चूक नावानिशी मान्य झाली. मावळच्या कुटुंबांना नुकसानभरपाईइतकीच अशा कबुलीची गरज होती, असे मला वाटते.

त्याऐवजी मावळ राजकारणात उदाहरण म्हणून वापरला गेला. ऑक्टोबर 2021मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी इथल्या शेतकऱ्यांच्या मृत्यूंच्या निषेधार्थ महाराष्ट्र बंद झाला, तेव्हा देवेंद्र फडणवीस यांनी मावळची आठवण करून दिली. राष्ट्रवादीचे शरद पवार यांनी उत्तर दिले की गोळीबार पोलिसांनी केला होता, नेत्यांनी नव्हे, आणि मावळच्या मतदारांनी 2019मध्ये राष्ट्रवादीचा आमदार निवडून दिला आहे. मतदानातून मतदारांचा राग-लोभ कळतो. गोळीबाराची जबाबदारी ठरवण्याची ती जागा नव्हे. ते काम सरकारचे आणि न्यायालयाचे होते.

सप्टेंबर 2023मध्ये राज्य सरकारने जलवाहिनीवरची स्थगिती उठवली आणि मावळात विरोध पुन्हा उभा राहिला. आता शहराला पाणी हवे असेल, तर पाइप टाकण्याआधी धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न मिटवावा आणि 2011च्या त्या तीन मृत्यूंबद्दल सरकारने विधानसभेत स्पष्ट बोलावे. दोन्हींसाठी मुंबईतले सभागृह आणि पुण्यातले महसूल कार्यालय पुरेशी आहेत.