घोड्याचा रक्तरस आणि माणसाचे मज्जातंतू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घोड्याच्या मानेतून काढलेले रक्त हे युरोपातील एका नव्या औषधी उद्योगाचा कच्चा माल बनले. 1890 मध्ये बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी असे सिद्ध केले की, धनुर्वाताचे किंवा घटसर्पाचे विष थोडेथोडे पचवलेल्या जनावराच्या रक्तरसात, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, त्या विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. पॅरिसच्या एमिल रू यांनी या कामासाठी घोडा निवडला, कारण हे जनावर विष चांगले सोसते आणि एका वेळी कित्येक लिटर रक्त देऊनही उभे राहते. 1894 मध्ये त्यांच्या रक्तरसाने पॅरिसच्या बालरुग्णालयात घटसर्पाने दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले, आणि काही वर्षांतच ठिकठिकाणी रक्तरसाचे तबेले उभे राहिले.

घशात पडदा धरून गुदमरणारे मूल या औषधाने दुसऱ्या दिवशी मोकळा श्वास घेऊ लागे, आणि हे यश इतके लखलखीत होते की आठ-दहा दिवसांनी त्याच मुलाच्या अंगावर उठणाऱ्या गांधी, ताप, सुजलेले सांधे यांची नोंद प्रारंभी किरकोळ त्रास म्हणूनच झाली. व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयातील क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी मात्र हे दिवस मोजले. रक्तरस टोचल्यापासून साधारण आठ ते बारा दिवसांनी त्रास सुरू होतो आणि तोच रक्तरस पुन्हा टोचल्यास तो फार लवकर उमटतो, हे त्यांनी 1905 च्या ग्रंथात मांडले व या विकाराला ‘रक्तरसाचा आजार’ असे नाव दिले. त्यांच्या निष्कर्षाचे मोल आजही पुरेसे ओळखले जात नाही, असे म्हणावे लागते. रक्तरस जर स्वतःच विषारी असता तर त्याने लगेच अपाय केला असता. मधल्या शांत दिवसांत शरीर घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे घडवत होते आणि त्या झटापटीतूनच आजार उपजत होता. औषध बाहेरचे, पण दुखणे शरीराने स्वतः रचलेले, हा विचार त्या काळी नवा होता.

असे दुखणे शरीरात कोठे बसू शकते, तर रक्तवाहिन्यांत, याचा धागा त्याहून जुना आहे. 1866 मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ॲडॉल्फ कुसमाउल आणि रुडॉल्फ मायर यांनी सत्तावीस वर्षांच्या एका शिंपी कारागिराचा आजार तपशीलवार नोंदवला. त्याच्या हाताचा अंगठा आणि बोटे बधिर झाली होती, म्हणजे सुई ज्या बोटांत धरायची तीच गेली होती. पुढे स्नायूंत वेदना व लुळेपणा पसरत जाऊन महिन्याभरात तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या रोहिण्यांवर डोळ्यांना दिसतील अशा गाठी आढळल्या. बोटांच्या बधिरपणाचे कारण यातच आहे, कारण मज्जातंतू हा विजेच्या तारेसारखा निर्जीव नसतो. त्यालाही केसाहून बारीक रक्तवाहिन्या पोसत असतात आणि त्या सुजून बुजल्या की त्या ठिकाणी तो उपाशी मरतो. म्हणून या विकारात एके दिवशी मनगट लटके पडते, काही दिवसांनी दुसऱ्या बाजूचे पाऊल लुळे होते, आणि चालताना चप्पल निसटली तरी रोग्याला कळत नाही.

हे दोन धागे जुळले ते बाल्टिमोरमध्ये. जॉन्स हॉपकिन्सचे विकृतिशास्त्रज्ञ आर्नल्ड रिच यांनी 1942 मध्ये सात रुग्णांचे शवविच्छेदन प्रसिद्ध केले. रक्तरस किंवा जंतुसंसर्गावरील सल्फा औषधे घेतल्यानंतर या सर्वांच्या रोहिण्यांत शिंप्याच्या रोहिण्यांसारखाच दाह झाला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी व जॉन ग्रेगरी यांनी सशांना घोड्याचा रक्तरस टोचून तोच दाह प्रयोगशाळेत घडवून आणला. सल्फाचे नाव त्या यादीत येणे ही धक्कादायक बाब होती, कारण ते प्राण्याचे प्रथिन नव्हे, रसायनशाळेत घडवलेली साधी भुकटी होती.

त्यानंतर यादी वाढत गेली. रक्तदाबावरील हायड्रॅलाझिन आणि 1990 च्या दशकात थायरॉइडवरील प्रोपिलथायोयुरासिल यांच्यामुळे काही रुग्णांत स्वतःच्याच पांढऱ्या पेशींतील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे, ज्यांना ‘अँका’ म्हणतात, तयार होतात असे दिसून आले. म्हणजे येथे शरीर परक्यावर नव्हे, आपल्यावरच उलटते. जनावरांच्या जंतांवरील लेव्हॅमिसोल या औषधाचा इतिहास तर अधिकच खिन्न करणारा आहे. माणसांत पांढऱ्या पेशी घटवणारे हे औषध तस्करांनी कोकेनमध्ये मिसळले आणि 2009 च्या सुमारास अमेरिकेत कानांच्या पाळ्या काळ्यानिळ्या पडलेले रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. अशा सर्व रुग्णांत पहिला उपचार म्हणजे ते औषध थांबवणे, आणि मज्जातंतू, मूत्रपिंड किंवा फुप्फुसे तडाख्यात सापडली असतील तर स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. मात्र मेलेला तंतू पुन्हा वाढायला महिने लागतात आणि काहींचे पाऊल पूर्ववत होत नाही.

महाराष्ट्रात रक्तरसाच्या उद्योगाचे मूळ परळच्या जुन्या राजभवनात 1899 मध्ये सुरू झालेल्या प्लेग प्रयोगशाळेकडे, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेकडे, जाते. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या तबेल्यातील निवृत्त घोडे रक्तरसासाठी याच संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच 1966 मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. ‘सीरम’ हे नावच त्या रक्तरसाचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर उपयोगी पडणारी सर्पदंशाची लसही आजतागायत घोड्याच्या रक्तापासूनच बनते, आणि तिच्याविना शेताच्या बांधावर फुरसे डसलेल्या माणसाच्या जिवाला धोका असतो. लस घेऊन घरी परतलेल्या अशा रुग्णाला आठवडाभराने ताप, खाज आणि सांधेदुखी सुरू झाली, तर पिर्के आणि शिक यांनी मोजलेले ते दिवस त्याच्या शरीरात पुन्हा मोजले जात असतात. पण दंश भरून आलेला असल्याने तो रुग्ण नव्या दुखण्याचा संबंध लसीशी सहसा जोडत नाही, आणि दवाखान्यात लसीची गोष्ट विचारल्याशिवाय सांगत नाही.