अंगणवाडीतले अंगण

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी दप्तरात इतका रुळला आहे की, त्यातील अंगण आता कोणाच्या ध्यानी येत नाही. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करू लागल्या. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी तेथे आत्मसात केली; पण तिची आखीव, महागडी साधने खेड्याला पेलणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. ही गरिबीची तडजोड होती असे मला वाटत नाही. दोन शिंपले कधी अगदी सारखे नसतात, आणि बालकाच्या नजरेला तेवढेच हवे असते.

खरी अडचण निराळीच होती. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्या वस्तीत, घरांपुढच्या अंगणात नेली. उघड्या आकाशाखालचे शिक्षण हा येथे केवळ निसर्गप्रेमाचा प्रश्न नव्हता. ज्या उंबरठ्याशी मूल अडत होते, तो उंबरठाच त्याने नाहीसा केला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शिक्षक कुरणातच जाऊ लागले. ही मुले वयाने मोठी, परंतु विचार तोच.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पोषण आले, लसीकरण आले, आणि ते हवेच होते. अंगणाची जागा मात्र पुष्कळ ठिकाणी एका खोलीने घेतली.