उसाच्या रोगप्रतिकारक जनुकांचा शोध

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामती, इंदापूर तालुक्यांत ऊस पसरला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात गेली अनेक वर्षे 'को ८६०३२' अर्थात 'नीरा' या जातीचे वर्चस्व आहे. 'को ६२१९८' आणि 'कोसी ६७१' यांच्या संकरातून आलेली ही जात राज्यात १९९६ मध्ये प्रसारित झाली. एकाच जातीवर एवढा भार टाकण्यातील धोका उत्तर प्रदेशाने अनुभवला आहे. तेथे बहुतांश क्षेत्र व्यापणारी 'को ०२३८' ही जात लाल कूज रोगाला बळी पडू लागली आणि शेतकऱ्यांना ती बदलावी लागली.

रोगाला तोंड देणारे जनुक कोणत्या गुणसूत्रावर, नेमके कोठे आहे, हे ठरविणे म्हणजे जनुकीय नकाशा तयार करणे. रोगप्रतिकारक आणि रोगाला बळी पडणाऱ्या जातींचा संकर करून संततीतील प्रत्येक रोपाची रोगचाचणी घेतात. प्रतिकारक रोपांत डीएनएची जी खूण हमखास आढळते, तिच्याजवळ ते जनुक असते. भातात हे काम तुलनेने सोपे ठरले. गुणसूत्रांच्या अवघ्या बारा जोड्या, आणि संपूर्ण जनुकीय क्रमवारी २००५ मध्येच प्रसिद्ध झालेली. जिवाणूजन्य करप्याला रोखणारी तीन जनुके 'सांबा मसुरी' या लोकप्रिय भातात एकत्र आणून भारतीय शास्त्रज्ञांनी सुधारित वाण दिले, ते याच खुणांच्या आधारे.

उसाचे गणित मात्र विलक्षण गुंतागुंतीचे आहे. आजचा ऊस हा गोड ऊस आणि रानटी काशी या दोन प्रजातींचा संकर. त्याच्या पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रे आणि एकेका जनुकाच्या आठ-दहा प्रती असतात. तरीही रियुनियन बेटावरील 'आर ५७०' या जातीत तपकिरी तांबेऱ्याला अटकाव करणारे 'ब्रू-१' हे एकच प्रभावी जनुक असल्याचे १९९६ मध्ये दिसून आले. त्याच्या खुणा हाती आल्याने पानाच्या तुकड्यावरूनही त्याचे अस्तित्व तपासता येते. याच जातीची जनुकीय क्रमवारी २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नारिंगी तांबेऱ्यापुढे मात्र 'ब्रू-१' निष्प्रभ आहे.

चाबूक काणी आणि लाल कूज यांच्याबाबत असे एकच हुकमी जनुक हाती लागलेले नाही. तेथे अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो. त्यामुळे आंबोलीच्या संकर केंद्रातून किंवा कोईमतूरहून आलेल्या बियांची रोपे पाडेगाव, मांजरी येथे वर्षानुवर्षे निवडावी लागतात. बेणे काणीच्या बीजाणूंच्या द्रावणात बुडवून रोगाची परीक्षाही घ्यावी लागते. नवी जात शेतात पोहोचण्यास दहा-बारा वर्षे सहज जातात. तोवर काणीचा काळा पट्टा दिसताच त्यावर पोते घालून बेट मुळासकट उपटणे आणि जाळणे, हाच बांधावरचा उपाय आहे.