कुलपाकडून समेटाकडे

संगणकाच्या आज्ञावलीत कोणी, केव्हा आणि काय फेरफार केला याची बारनिशी ठेवणारी ‘एससीसीएस’ ही प्रणाली मार्क रॉचकाइंड यांनी 1972 साली बेल प्रयोगशाळेत रचली, आणि दहा वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’ सिद्ध केली. परंतु दोन्ही दफ्तरांचा शिरस्ता असा की, ज्याला फाइलीत हात घालावयाचा त्याने आधी तिला कुलूप लावावे, आणि तो ते काढीपर्यंत इतरांनी खोळंबून राहावे.

ही कोंडी फोडली ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्राये विद्यापीठातील डिक ग्रून यांनी. दोन विद्यार्थ्यांसह ते एका कंपायलरवर काम करीत. त्यांतला एक कचेरीच्या वेळेत येणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि खुद्द ग्रून यांना सवड संध्याकाळचीच. म्हणून प्रत्येकाने आपापल्या नकलेवर निर्वेधपणे लिहावे व मागाहून नकला जुळवाव्यात, अशी तजवीज त्यांनी आरसीएसच्याच आधाराने केली. 1986 साली जाहीर झालेली ‘सीव्हीएस’ ती हीच.

या जुळवणीचे मर्म सामायिक पूर्वप्रतीत आहे. एका नकलेतील ओळ दुसरीत नसेल, तर ती एकाने घातली की दुसऱ्याने खोडली, याचा उलगडा त्या प्रतीवाचून होत नाही. ती हाताशी असली म्हणजे एकानेच केलेला बदल बिनतक्रार दाखल होतो; दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली असेल, तर मात्र यंत्र निवाडा देत नाही, सात ‘<’ चिन्हांखाली एकाची ओळ, मध्ये सात ‘=’, खाली दुसऱ्याची ओळ आणि अखेर सात ‘>’, अशा दोन्ही कैफियती फाइलीतच मांडून ते माणसाची वाट पाहते. ज्याचा अर्थ आपणांस कळत नाही त्यावर निकाल न देण्याची ही मर्यादा मला या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अर्थात यंत्राने तंटा नोंदविला नाही म्हणून तो नाहीच असे नव्हे. एकाने फंक्शनचे नाव बदलावे, दुसऱ्याने त्याच सुमारास भलत्याच फाइलीत ते जुन्या नावाने वापरावे, की जुळवणी निर्विघ्न पार पडून आज्ञावली मोडते.

सीव्हीएसमध्ये एक उणीव राहिली: शाखा, म्हणजे एकाच आज्ञावलीच्या स्वतंत्रपणे पुढे चालविलेल्या धारा, विलीन झाल्याची नोंदच तीत होत नसे, त्यामुळे त्याच शाखा पुन्हा जुळविताना मिटलेले तंटे नव्याने उपस्थित होत. एप्रिल 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहिले, त्यात प्रत्येक विलीनीकरणाच्या नोंदीत दोन्ही जनकप्रतींचा दाखला असतो, आणि पुढच्या जुळवणीची पूर्वप्रत त्या दाखल्यांवरूनच शोधून काढली जाते.