क्षयरोग : निदान व उपचार (बुलढाणा जिल्हा)
मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जिवाणूमुळे प्रामुख्याने फुप्फुसांना होणारा संसर्गजन्य रोग. अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेल्या बुलढाणा शहरात क्षयरोगासाठी शासकीय रुग्णालय आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, वजनात घट दिसताच थुंकी तपासावी. नमुना सकाळी, चूळ भरून, खोल खोकून काढलेला हवा. नुसती लाळ उपयोगाची नाही, आणि घाईत नेमके हेच चुकते. थुंकी तपासणारे सीबीनॅट यंत्र सुमारे २ तासांत जिवाणू आणि रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील औषधाला त्याचा प्रतिकार, दोन्ही दाखवते. नेहमीचा उपचार ६ महिन्यांचा. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत. काही आठवड्यांत बरे वाटते, तेव्हा गोळ्या सोडणे सर्वांत घातक. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे मासिक ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले.