कांजिण्यांची लस मुळात कुणाच्या कामी आली?

"कांजिण्या काय, सगळ्यांनाच होतात. कडुलिंबाचा पाला टाकून आंघोळ घातली की झालं." आपल्याकडे अजूनही असंच म्हणतात, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलासाठी कांजिण्या म्हणजे जिवावरचं दुखणं.

१९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी औषधाने ल्युकेमिया काही काळ तरी मागे हटतो, हे दाखवून दिलं. पुढे औषधं वाढली, मुलं जगू लागली. पण तीच औषधं प्रतिकारशक्ती खाली आणतात. कॅन्सर आटोक्यात आलेलं मूल कांजिण्या फुप्फुसात उतरून दगावायचं.

१९६४ मध्ये जपानी डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत ह्यूस्टनला होते. त्यांच्या लहानग्याला कांजिण्या झाल्या आणि श्वास घेणंही अवघड झालं. मुलगा वाचला, पण बाप ते विसरला नाही. ओसाकाला परतल्यावर त्यांनी विषाणू दुबळा करून लस बनवली. १९७४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला अनुभव रुग्णालयातल्या आजारी मुलांचाच होता: एकाला कांजिण्या झाल्यावर बाकीच्यांना लस दिली, आणि साथ तिथेच थांबली.

मग जपानमध्ये आणि अमेरिकेत ल्युकेमिया आटोक्यात असलेल्या मुलांना ती देऊन पाहिली. लस जिवंत विषाणूची, म्हणजे जोखीम होतीच. म्हणून कॅन्सरची औषधं आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर थांबवत. अनेकांच्या अंगावर पुरळ आलं, पण बहुतेकांना गंभीर कांजिण्यांपासून संरक्षण मिळालं. जपानने १९८६ मध्ये लसीला परवाना दिला. अमेरिकेत निरोगी मुलांपर्यंत ती पोचायला १९९५ उजाडलं.

आज गंमत उलटी आहे. निरोगी मुलांना लस मिळते, पण केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला जिवंत विषाणूची लस सहसा देत नाहीत. त्याची ढाल म्हणजे लस घेतलेली भावंडं आणि वर्गमित्र. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला मोफत आहे, कांजिण्या नाहीत. ही लस खिशातून पैसे घालूनच घ्यावी लागते. यावर बोलायला हवं.

तोवर एवढं करा. घरात कांजिण्या निघाल्या तर लपवू नका, लगेच शाळेत आणि शेजारी कळवा. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरते. आजारी मुलाच्या आईबापांना वेळेत कळलं, तर डॉक्टरांना पुढचे उपाय करता येतात.