इंटर पास आणि बारावी पास

भाचीला परळच्या एका कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले, पोरगी कॉलेजात गेली म्हणून. गेटवर कॉलेजची पाटी, वरच्या मजल्यावर बीएचे वर्ग, आणि हिची परीक्षा मात्र बोर्डाची. मग ही शाळेत आहे की कॉलेजात? उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

आपल्या मुंबईत शाळा आणि कॉलेज यांच्यात सुरुवातीला भिंतच नव्हती. १८४० पासून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दोन्ही एकाच छत्राखाली होतं, ते वेगळं झालं १८५६ मध्ये. गिरगावात जॉन विल्सन यांनी १८३२ ला शाळा काढली आणि चारच वर्षांत तिलाच कॉलेजचा वर्ग जोडला. विद्यापीठ आलं १८५७ ला, पहिली मॅट्रिक १८५९ ला. त्या पहिल्या मॅट्रिकला बसलेले रानडे विद्यापीठाच्या जन्माआधीपासूनच एल्फिन्स्टनमध्ये शिकत होते. म्हणजे पोरं आधी आली, दरवाजा नंतर बसवला!

आणि तो दरवाजा विद्यापीठाच्याच ताब्यात होता. १९०७ ला परळच्या चाळीत राहून आंबेडकरांनी मॅट्रिक केलं, ते मुंबई विद्यापीठाचं. शाळेतल्या पोराच्या हातात विद्यापीठाचा कागद. एसएससी बोर्ड आलं स्वातंत्र्यानंतर.

माझे वडील लालबागचे. १९६३ ला जुनी अकरावी झाले आणि दादरच्या कीर्ती कॉलेजात गेले. तेव्हा अकरा वर्षं शाळा, मग एफवाय, इंटर, ज्युनिअर, सीनिअर अशी चार वर्षं कॉलेज. इंटरनंतर घरच्या अडचणीमुळे गिरणीत क्लार्क म्हणून चिकटले. पण अर्जात, लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे "इंटर पास". पदवी नसली तरी त्या शब्दाला वजन होतं. दोन वर्षं विद्यापीठात काढल्याची ती पावती होती.

मग आलं १०+२+३. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेलं, महाराष्ट्राने १९७५ ला पहिली दहावीची परीक्षा घेतली. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची बॅचही बाहेर पडली, कॉलेजांत नुसती झुंबड. एकूण वर्षं तीच, पंधरा. फक्त वडिलांचं एफवाय हे वर्ष विद्यापीठातून निघालं आणि बारावी होऊन बोर्डाकडे गेलं. बाकं बऱ्याच ठिकाणी तीच, इमारत तीच, पोराचं वयही साधारण तेच. हिशोबाची वही तेवढी बदलली.

ते सगळं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. गावोगावच्या हायस्कुलांना अकरावी-बारावी जोडली गेली, आणि ज्या मुलींना कोणी शहरात पाठवलं नसतं त्या घरी राहून बारावी झाल्या. पण आमच्या गिरणगावातल्या ज्या पोराचं शिक्षण बारावीला सुटतं, त्याची विद्यापीठाच्या दप्तरी एका दिवसाचीही नोंद नसते. "इंटर पास" गेलं, त्याच्या जागी काही आलं नाही.

आता क्रेडिटचा जमाना आहे. २०२१ ला क्रेडिट बँक आली, २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेच्या वर्षालाही ४० क्रेडिट धरलेत, ३० तासांना एक. ऐकायला छान. पण बारावीचं क्रेडिट तुम्हाला पदवीच्या दारापर्यंत आणतं, आतला एकही पेपर कमी करत नाही. अमेरिकेत हायस्कूलची पोरं एपी परीक्षा देतात आणि चांगला गुण मिळाला तर अनेक विद्यापीठं तो विषय झाला असं धरतात. फी वाचते, वेळ वाचतो. इथे बारावीला अर्थशास्त्र घेतलेली पोरगी एफवायला मागणी-पुरवठ्याचा तोच आलेख पुन्हा काढते, बऱ्याचदा त्याच इमारतीत. ज्युनिअर आणि सीनिअरचे शिक्षक एकाच जिन्यावरून चढतात, एकमेकांचा अभ्यासक्रम मात्र बघत नाहीत. विद्यापीठाने तेवढा एक पेपर सूट द्यायला काय हरकत आहे? एका पेपरची सूट म्हणजे अर्धवेळ नोकरी करणाऱ्या पोराला आठवड्याचे तीन-चार तास.

परवा भाचीला वडिलांची इंटरची मार्कशीट दाखवली. तिने शिक्का वाचला आणि विचारलं, "मामा, आजोबा बारावी झालेच नव्हते?"

नव्हते.